राजाचा पाय अधांतरी

फार वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या एका गावात दरसाल एक बाहुलीवाला कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करायला येई. बोटं मोठी तरबेज, आणि तोरा त्याहून मोठा!

त्या गावाची एक रीत होती. जत्रेच्या खेळात, गाव कसं वसलं ती गोष्ट गावातल्या सर्वांत वृद्ध माणसाने सांगायची आणि बाहुलीवाल्याने ती तिथल्या तिथे नाचवून दाखवायची. त्या वर्षी तो मान एका आजोबांना मिळाला. बिचारे आनंदाने नवं धोतर नेसून आले. पण वय झालेलं. एक शब्द बोलायचे, दम खायचे, मग दुसरा.

बाहुलीवाल्याची बायको म्हणाली, "अहो, मी बसते आजोबांजवळ. वाक्य पुरं झालं की तुम्हाला सांगेन. तोवर तुम्ही बाहुल्या हलत्या ठेवा."

"काही नको! माझे कान शाबूत आहेत अजून."

खेळ सुरू झाला. आजोबा म्हणाले, "एक... होता... राजा..." बाहुलीवाला दोऱ्या धरून नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. राजा एक पाय उचललेला तसाच लटकला. पोरं ओरडली, "ए राजा, चाल की!" पण याचं लक्ष असेल तर शपथ!

मग कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याने खेळाची पार माती केली." शिट्ट्या सुरू झाल्या. काठी टेकत आजोबा उठले आणि मान खाली घालून निघाले.

चूक कुणाची, हे बाहुलीवाल्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो गप्प राहिला. चला, आपलं नाव तर राहिलं, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात बायकोने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो पुढे आला, हात जोडले. "मंडळी, आजोबा हळू बोलले, पण बाहुल्या मी थांबवल्या. दोष माझा." मग धावत जाऊन त्याने आजोबांना परत आणलं.

आता बायको त्यांच्याजवळ बसली. वाक्य पुरं झालं की ती हळूच सांगे. तोवर राजा मिशीवर ताव देई, घोडा शेपूट उडवी, पोरांनी हाक मारली की विदूषक मान डोलावी. गोष्ट होती तेवढीच सावकाश, पण कुणी जागचं हललं नाही.

खेळ संपल्यावर बाहुलीवाल्याने आजोबांचे पाय धरले. आजोबा थांबत थांबत म्हणाले, "मी हळू बोलतो... ठाऊक आहे मला, बाबा. पण लोक मला हसत होते... तेव्हा तू तर बोललाच नाहीस."



तात्पर्य: सावकाश येणाऱ्याची वाट एकाने पाहावी, बाकीचं काम चालू ठेवावं, आणि आपण अडवलेल्या कामाचं खापर त्याच्या डोक्यावर फोडू नये.