वळकटीतली सून

माणसं अंथरूण पाठीवर बांधून प्रवास करत, त्या काळातली ही गोष्ट. धर्मशाळेच्या एका खाटेत ढेकणांचं सात पिढ्यांचं, म्हणजे जेमतेम वर्षभराचं, खानदान नांदत होतं. कडुलिंबाच्या धुरीने त्यातलं अर्धं संपलं. नवी पिल्लंही टिकेनात.

अशात एका वाटसरूच्या वळकटीतून परकी ढेकूणबाई उतरली. म्हणाली, "आमच्याकडे रोज धुरी असते, आम्हाला ती बाधत नाही. मला सून करून घ्या, पोरं तगतील."

"आमच्या कुळात परकं कुणी चालत नाही," खाटेतल्या सर्वांत जुन्या आजीचे, म्हाळसाक्काचे, नातू गुरगुरले.

कुळाचा हा तोरा म्हाळसाक्कानेच वाढवला होता. पण पिल्लं डोळ्यांदेखत चालली होती.

"मीही अशीच एकटी वळकटीतून उतरले होते रे," म्हाळसाक्का हळूच म्हणाली. "तुम्ही सगळे त्यानंतरचे."

मग थोरला नातू फटीत अंग चोरत म्हणाला, "सरका जरा, तुमच्या वहिनींना जागा द्या."