सारसाचा मुजरा

सारस पक्ष्यानं राजाला मुजरा केल्याचं कधी ऐकलंय का तुम्ही? राजा डौलसिंगाला नेमका तोच हवा होता!

त्याची पालखी ढोल वाजवत भातशेतांजवळून निघाली होती. झाडून सारी माणसं वाकली. गवत खायला का होईना, म्हैसही वाकली! पण कौतिका नावाच्या पोरीच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरात, माणसाएवढी उंच सारसाची जोडी मान ताठ करून उभीच. पाण्यातल्या घरट्यात त्यांची अंडी होती ना!

"एवढी मिजास?" राजा गरजला. "दिवस मावळायच्या आत यांनी मुजरा केला नाही, तर घरटं उपटून टाका!"

दरसाल ही जोडी कौतिकाच्याच बांधीत घर करायची. तिच्यासोबत नाचायचीसुद्धा! तिनं उडी मारली की सारस उडी मारत, तिनं हात पसरले की ते पंख पसरत.

कौतिका पुढं झाली. "करतील की, महाराज! पण तुम्ही एकट्यानं, अनवाणी, या बांधावरून त्यांच्यासमोर जायला हवं. पालखीतलं तोंड त्यांना दिसतंय कुठं?"

"हात्तिच्या! एवढंच?"

बांध सकाळीच ओल्या चिखलानं लिंपलेला. पहिल्याच पावलाला राजाचा पाय सटकला. दोन्ही हात पसरले, टुणकन उडी, मग मान खाली आणि पाठ वर! "अरे! अरे! अरे!"

सारसांना वाटलं, आला कुणी नाचणारा! त्यांनी पंख फुलवले, उड्या मारल्या आणि माना पार पाण्यापर्यंत वाकवल्या.

"झाला मुजरा!" कौतिकानं टाळी वाजवली.

राजा चिखलात बसूनच ओरडला, "लबाड पोरी! हे मला वाकले, की माझ्या घसरण्याला?"

"महाराज, मघाशी एवढी माणसं वाकली. ती तुम्हाला वाकली, की शिपायांच्या काठ्यांना? त्यांना कुठं विचारलंत?"

एका शिपायानं काठी हळूच पाठीमागं लपवली. अन् राजा असा खदखदून हसला, की पुन्हा घसरला. सारस पुन्हा वाकले!

"माग पोरी, काय हवं ते!"

"पिल्लं बाहेर येईस्तोवर तुमची पालखी अन् ढोल दुसऱ्या वाटेनं जाऊ द्या."

"दिलं!" म्हणत राजानं गळ्यातला चिखलानं माखलेला मोत्यांचा कंठा तिच्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाची पालखी ढोल न वाजवता भातशेतांना वळसा घालून गेली, आणि आत महाराज कंबर शेकत पालथे पडले होते.