उसन्या खमिराचं गाव

“या गावचं खमीर म्हणे त्या नेफिसेच्या घरात एक दिवसही…”

बोटीतून उतरणाऱ्या पाहुण्यांच्या कानावर एवढंच पडतं. पुढचं बोलणं भट्टीजवळच्या बायका ओढणीआड गिळतात. चौकात एका अंगाला चर्च, दुसऱ्या अंगाला मशीद आणि मधे ही गावाची दगडी भट्टी. पावाचं पीठ आंबवायला कुणी खमीर मागायला आली, तर देणारी बजावते, “परत आणलंस तर याद राख!” ही रीत कशी पडली, ते जुनी माणसं सांगतात ते असं.

एके काळी या बेटावर ग्रीकांची घरं भरपूर, तुर्कांची बोटांवर मोजण्याइतकी. मग कुठल्याशा दूरच्या दरबारी ठरलं, की ग्रीकांनी समुद्रापलीकडे जावं आणि पलीकडच्या तुर्कांनी इकडे यावं. भट्टी सांभाळणारी एवांथिया निघताना शेजारच्या नेफिसेकडे आली. ओल्या फडक्यातला आंबल्या पिठाचा गोळा तिच्या ओंजळीत ठेवून म्हणाली, “बाई गं, घर काही नेता येत नाही, आणि हे बोटीत टिकायचं नाही. याला मरू देऊ नकोस. आमचं कुणी परत आलं, तर या वासावरून दार ओळखेल.” नेफिसेनं गरम भट्टीवर हात ठेवून शब्द दिला.

ग्रीकांतला एकटा म्हातारा स्टामातिस मागे राहिला. गाढवाशिवाय बोटीत चढणार नाही म्हणून तो अडून बसला, आणि गाढव म्हणे शिपायांच्या बापालाही ऐकेना. हा म्हातारा नेफिसेकडून खमीर उसनं नेई, परत मात्र कधी करत नसे. नेफिसे गल्लीभर सांगत फिरे, “याच्या दारात गेलेलं पीठ म्हणजे समुद्रात पडलेलं मीठ!”

मग पलीकडची बोट आली. उपाशी, भेदरलेली माणसं. तुर्क असून बोलत होती ग्रीकच! त्यांची पोरं नेफिसेला बघवेनात. होतं नव्हतं ते पीठ मळून तिनं भट्टी पेटवली. पोरं पोटभर जेवली. परात धुता धुता तिचा हात थांबला. दर खेपेला पुढच्या पावासाठी बाजूला काढून ठेवायचा तो गोळा आज काढलाच नव्हता. एवांथियाला दिलेला शब्द तिनं भाजून वाटून टाकला होता.

ती रिकामी परात घेऊन स्टामातिसच्या दारात गेली. मागणार तरी कुठल्या तोंडानं? म्हातारा हसला. “गल्लीभर मला बुडव्या म्हणालीस. बुडवलं नसतं, तर आज काय मागितलं असतंस, बये?” आणि मडक्यातलं अर्धं खमीर त्यानं तिच्या परातीत घातलं.

पुष्कळ वर्षांनी एवांथियाची लेक, स्वतःचेच केस पिकलेले, बोटीतून उतरली. चौकात थबकली, हुंगली आणि कुणाला न विचारता नेफिसेच्या दाराशी गेली. वाकून गेलेली नेफिसे म्हणाली, “आधी म्हाताऱ्याच्या थडग्यावर जाऊन येऊ, मग पाव खा.”

तेव्हा नेफिसेच्या घरात खमीर एक दिवसही संपलं नाही, असं बायका कुजबुजतात ते अर्धंच खरं. खमीर तेच, पण नेफिसेच्या घरात ते एकदा संपलं होतं. जगलं ते बुडव्याच्या मडक्यात. आजही गावात नवं बिऱ्हाड आलं, मग ते कुठल्या का भाषेचं असेना, शेजारी गोळा घेऊन जातात आणि परत घेत नाहीत. आणि भट्टीतला पहिला तुकडा आजही मागच्या कुंपणापाशी नेतात, त्या अडून बसलेल्या गाढवाच्या वंशजाला.