अनोळखी बाईची जागा

"आणि ती बोलायची कधी थांबली?" आप्पाजींनी विचारलं.

"सांगतो ना. पण आधी उपक्रम काय होता ते ऐका," प्रल्हाद म्हणाला.

आप्पाजी सुपातल्या भुईमुगाच्या शेंगा फोडत राहिले.

प्रल्हाद सोनवलकर प्राथमिक शाळेत मास्तर होता. आप्पाजी एके काळचे त्याचे हेडमास्तर. नोकरी संपली तसे ते धरणाच्या फुगवट्याकाठी, टेकडीवरच्या नाथांच्या मठात येऊन राहिले होते. कुणाला उपदेश करत नसत. तरी अडलेली माणसं चढण चढून यायची.

प्रल्हाद पहिल्यांदाच आला होता, आणि एकटा आला नव्हता. ओसरीच्या पायरीवर त्याच्या वर्गातली सगुणा बसली होती, पाण्याकडं तोंड करून. पलीकडं लिंबाखाली तिची आई.

"उपक्रमाचं नाव 'बातमी जगा'," प्रल्हाद सांगू लागला. "रोज पेपरातली ताजी बातमी वर्गात वाचायची. पण मुलांनी नुसती ऐकायची नाही. बातमीतली माणसं वाटून घ्यायची. एकेकानं पुढं यायचं आणि त्या माणसाच्या तोंडून बोलायचं. बाकीच्यांनी विचारायचं. नाव काय, कुठं निघाला होतात, हातात काय होतं..."

"बरं."

"पोरं नकाशावर गावं शोधायला लागली, आप्पाजी! पेपरासाठी भांडायला लागली. बाकीच्या शाळांनी उचलला हा उपक्रम. साहेब भर सभेत म्हणाले, असा शिकवणारा माणूस तालुक्यात नाही."

"चांगलंय की. मग?"

प्रल्हादचा आवाज जरा उतरला.

"मग ती होडीची बातमी आली."

लांबच्या कुठल्याशा जलाशयात होडी उलटली होती. बुडालेल्यांची नावं पेपरात आली होती. मुलांनी ती पटापट वाटून घेतली. सगुणा पहिल्यापासून बुजरी. तिनं हात वर करेपर्यंत नावं संपली. शेवटी एकच माणूस उरलं. अनोळखी महिला, ओळख पटलेली नाही.

"मी म्हटलं, तू ती बाई हो. तिला नाव नाही, गाव नाही, तुला बोलायचं काही कामच नाही. तू आपली नुसती गप्प बस."

"पोरं हसली?"

"...मी हसलो."

आप्पाजींच्या हातातली शेंग फुटायची राहिली.

"तेव्हापासून ही गप्प," प्रल्हाद म्हणाला. "आधी मला वाटलं, भूमिकेत शिरलीय. खरं सांगतो, कौतुक वाटलं. पण बाकीची पोरं... ती तिच्याशी दबक्या आवाजात बोलतात. डब्यातला घास काढून तिच्यापुढं ठेवतात आणि मागं सरतात. मी काही सांगितलं नाही त्यांना. आणि हजेरीला सगुणाचं नाव घेतलं ना, की सगळा वर्ग तिच्याकडं बघत नाही."

"मग?"

"दाराकडं बघतो."

लिंबाखालून सगुणाची आई उठून आली. पदर सावरत ओसरीच्या कडेला उभी राहिली.

"डाक्टरनं घसा बघितला, बाबा. घशाला काय न्हाई म्हणला. घरात जेवती, झोपती, पर पाव्हणीवानी वागती. ताट धुऊन पालथं घालती आन् दारात जाऊन बसती. मी हाक मारली तर माझ्याकडं अशी बघती... जणू मी दुसऱ्याच कुणाची तरी आई हाय."

ती पायरीवरच्या पोरीकडं बघत राहिली.

आप्पाजींनी सूप बाजूला सारलं.

"तास संपला, असं सांगितलंस का रे?"

"किती वेळा! सगुणा, ऊठ, संपलं ते, सगुणा, बोल आता..."

"सगुणाला सांगितलंस."

"मग आणखी कुणाला सांगू?"

आप्पाजींनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. त्या नजरेसरशी प्रल्हादच्या मानेवर काटा आला. दिवसाउजेडी, लख्ख उन्हात.

"जा," आप्पाजी म्हणाले. "पोरीच्या शेजारी जाऊन बस."

"मी?"

"तूच."

प्रल्हाद पायरीवर जाऊन बसला. दगड तापलेला असायला हवा होता. गार होता.

आप्पाजी काठी टेकत समोर आले. त्या एवढ्याशा पोरीपुढं वाकले आणि त्यांनी हात जोडले.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या जागेवर हा बसलाय. लेकराला जाऊ द्या."

वारा पडला. लिंबाची सळसळ थांबली.

सगुणानं मान वळवली. प्रल्हादला तिनं खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. एसटीत धरून ठेवलेली जागा सोडण्याआधी एखादी पोक्त बाई नव्या माणसाला बघून घेते, तसं. मग ती थोडी सरकली. आणि उठली.

"आई," ती म्हणाली, "भूक लागली."

तिला पोटाशी धरून आई मोठ्यानं रडायला लागली. सगुणा गोंधळून म्हणत होती, "काय झालं गं? आपण कुठं आलोय?"

आप्पाजींनी सुपातले दाणे तिच्या ओच्यात ओतले. "वाटेनं खात जा. आणि मागं बघू नका."

मायलेकी उतरणीला लागल्या. पोरीची टकळी सुरू झाली होती. ती लांबवर ऐकू येत राहिली.

प्रल्हादनं मोठा श्वास सोडला. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"सुटलो, आप्पाजी. चूक कळली मला. अशी बिननावाची भूमिका द्यायलाच नको होती. यापुढं बातमी निवडतानाच बघतो. उपक्रम तसा पक्का आहे, फक्त..."

तो उठायला गेला.

"बस," आप्पाजी म्हणाले. ते त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले, वर्गात पोरं बसतात तसे. "तुझं कुठं झालंय अजून? नाव सांगा."

"काय हे, आप्पाजी..."

"नाव सांगा, बाई."

प्रश्न त्याचाच होता. पोरांना तोच शिकवायचा, कसं विचारायचं ते. उत्तर द्यायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"नाव... नाही," तो हसतच म्हणाला.

"कुठं निघाला होतात?"

"लेकीकडं."

शब्द तोंडातून गेला, तेव्हा त्याला कळला. त्याचं हसू तिथंच वाळलं.

"हातात काय होतं?"

"पिशवी."

"पिशवीत?"

"शेवया... आणि झबलं. बाळाचं." त्याची बोटं मांडीवर काहीतरी चाचपत होती. "एका बाजूनं शिवायचं राहिलंय. म्हटलं, तिकडं गेल्यावर शिवीन."

"लेकीचं गाव कुठलं?"

प्रल्हादनं तोंड उघडलं. गाव ओठांवर आलं होतं. तिथली वाट दिसत होती, वाटेवरची चिंच दिसत होती, दारात कुणीतरी उभं होतं. पण तोंडात एकदम गार काहीतरी भरलं आणि गावाचं नाव त्यात बुडालं. तो ओणवा होऊन थुंकला.

तोंड कोरडंच होतं.

"आप्पाजी," तो कसाबसा म्हणाला, "हे... हे बातमीत नव्हतं."

"नव्हतं."

"मग मला कसं..."

आप्पाजी ओसरीवर सांडलेली टरफलं एकेक करून गोळा करू लागले.

ऊन पाण्यावरून सरकत पलीकडच्या काठाला गेलं. प्रल्हादला कुणी धरून ठेवलं नव्हतं. पाय त्याचेच होते. तरी त्याला उठवेना. अगदी शेजारी, जिथून सगुणा उठून गेली होती, तिथं त्याला बघवेना.

"आप्पाजी..." त्याचा आवाज बारीक झाला होता. "मी कधी उठू?"

आप्पाजींनी ओंजळीतली टरफलं खाली ठेवली आणि वाटेकडं बघितलं. वाट रिकामी होती.

"ओळख पटवून कुणी न्यायला आलं, की."