ओली फांदी

“पण बाबा, मी का ओढतो, हे मलाच कसं सांगता येत नाही?”

विचारून झालं आणि यशोधन नाडगौडाला स्वतःचीच लाज वाटली. याच विषयात तो पीएच.डी. करत होता. तरुण मुलं गांजाकडे का वळतात, यावर कॉलेजांतून व्याख्यानं देत होता, टाळ्या घेत होता. आणि घरी आला की गच्चीवर जाऊन स्वतःच ओढत होता.

परवा धाकट्या बहिणीला, केतकीला, त्याच्या कपाटात पुडी सापडली. ती भांडली नाही.

“दादा, तू का ओढतोस? खरं सांगशील तेव्हाच माझ्याशी बोल,” एवढंच म्हणाली.

तेव्हापासून घरात अबोला. यशोधनला तो सोसवेना. म्हणून तो भैरवगिरी बाबांच्या मठात आला होता. बाबांनी तीस वर्षं चिलीम ओढली आणि एका सकाळी ठेवून दिली, असं त्याने ऐकलं होतं.

मठाची रीत अशी, की येणाऱ्याने धुनीसाठी एक लाकूड आणायचं आणि आपल्या हाताने घालायचं. यशोधनसाहेबांना हे दारातल्या पाटीवरून कळलं. मग काय, तिथल्याच कडुनिंबाची हिरवीगार फांदी मोडली आणि दिली धुनीत सरकवून. बाबांनी पाहिलं, पण अडवलं नाही.

“कारणं ठाऊक नाहीत होय तुला?” बाबांनी विचारलं.

“सगळी ठाऊक आहेत!” यशोधनची गाडी सुरू झाली. “एकटेपणा, चिंता, मित्रांचा आग्रह, थराराची ओढ, झोप न लागणं, दुःख मनात दाबून ठेवणं...”

“यातलं तुझं कोणतं?”

“तिथेच तर घोळ आहे. एक धरावं तर दुसरं खरं वाटतं. दुसरं धरावं तर वाटतं, मी स्वतःलाच फसवतोय.”

फांदी धुमसू लागली. धूर थेट यशोधनच्या तोंडावर आला. तो डावीकडे सरकला, धूरही तिकडेच वळला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“घरी कोण कोण असतं?”

“आई, केतकी आणि मी. वडील तीन वर्षांपूर्वी गेले.”

“आणि ओढतोस कधीपासून?”

“तेव्हापासूनच. म्हणजे तेराव्यानंतर. पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.”

“बरं.”

“खरंच नाही, बाबा. मी मुळीच खचलो नव्हतो. आईला सांभाळलं, केतकीला सांभाळलं. सगळे म्हणाले, पोरगा खंबीर आहे.”

“रडलास?”

“मी?” यशोधन हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. “मी रडून कसं चाललं असतं?”

“आता रडतोयस?” बाबांनी विचारलं.

“छे! धूर आहे हा.”

बाबा उठले. चिमट्याने ती फांदी उचलली, अंगणातल्या हौदात बुडवली आणि सावकाश परत येऊन बसले. धुनी पुन्हा स्वच्छ जळू लागली.

यशोधन डोळे चोळत होता. पाणी थांबेना. मग खांदे हलू लागले, घशातून कसलासा आवाज निघाला. हे काय होतंय, त्याला काही केल्या उमजेना. एवढा अभ्यास केलेला, पण या घटकेला एक शब्द आठवेल तर शपथ.

“बाबा, हा धूर... अजून...”

“धूर तर केव्हाच गेला.”

यशोधनने मान वर केली. खरंच, धूर कुठेच नव्हता.

तो ओशाळला. बाही डोळ्यांकडे नेली. बाबांनी त्याचं मनगट धरलं.

“पुसू नकोस. असाच घरी जा.”