रापणीचा दोर आणि महाराजांचं कुंपण

फार पूर्वीची म्हणा, नाहीतर कालची म्हणा, पण एक गोष्ट आहे. दर्याकाठी एक गाव होतं. गावापुढे अर्ध्या कोसाची वाळू होती आणि सगळं गाव त्या वाळूवर जगत होतं.

कसं जगत होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. तिथे रापण लावायचे. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडीतून ते समुद्रात गोल सोडायचं, त्याचे दोन दोर किनाऱ्याच्या दोन टोकांना आणायचे आणि दोन्हीकडे माणसांनी उभं राहून ओढायचं. ओढता ओढता दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांकडे सरकत येतात, आणि मधोमध भेटली की जाळं वाळूवर येतं. एकाच बाजूने कितीही जोर लावा, जाळं वाकडं होतं आणि मासे पसार. शिवाय तिथली एक रीत होती. दोराला ज्याचा हात लागला, त्याला वाटा. तो कुठला, कुणाचा, कुठल्या देवाचा, हे कुणी विचारायचं नाही.

एके वर्षी घाटावरून एक महाराज आले. सोबत दहा शिष्य. गावाने त्यांना टेकाडाखाली मठाला जागा दाखवली, छपराला झावळ्या दिल्या. माणसं वाईट नव्हती हो. सकाळी समुद्रात स्नान करायची, भजन म्हणायची. गावाला त्यांचं भारी कौतुक.

पण कौतुक डोक्यात जायला कितीसा वेळ लागतो? पहिल्या वर्षी महाराज म्हणाले, आमच्या स्नानाच्या वेळी बायकांनी किनाऱ्यावर फिरकू नये. गाव म्हणालं, बरं. दुसऱ्या वर्षी म्हणाले, मठासमोर मासळी सुकवू नका, वास येतो. गाव म्हणालं, बरं. तिसऱ्या वर्षी त्यांनी वाळूच्या बरोब्बर मधोमध, टेकाडापासून थेट पाण्यापर्यंत, बांबू रोवून कुंपण घातलं. पलीकडची वाळू आता तीर्थ झाली होती. मठाबाहेरच्या कुणी तिथे पाय ठेवला तर गावाचं जाळं जन्मभर रिकामं येईल, असं महाराजांनी सांगून टाकलं. गाव पुन्हा बरं म्हणालं, कारण तोंडाला तीच सवय लागली होती.

आता अर्ध्या वाळूवर रापण लागते का? नाही लागत. पंधरा दिवस जाळं तसंच पडून राहिलं. घराघरांत नुसती पेज शिजायला लागली, आणि मग तीही पातळ व्हायला लागली.

रापण होती येसूकाकीची. नवऱ्यामागे वीस वर्षं तिनेच सांभाळलेली. जाळं फाटलं की तीच विणायची, दोराला पहिला हात तीच लावायची, आणि रागावली की अख्खा किनारा गप्प व्हायचा. होडी चालवायचा धाकू तांडेल. हा धाकू एक दिवस हात जोडून मठात गेला आणि हसत हसत परत आला. म्हणाला, काम झालं. महिन्यातून दोनदा महाराज कुंपणाचं फाटक उघडणार. फक्त दर वेळी जाऊन विचारायचं, आंघोळ करून यायचं आणि बायकांना आणायचं नाही.

काकी जाळं विणत होती. तिची सुई थांबली.

"म्हणजे परवानगी मिळाली म्हण की."

"मिळाली ना, काकी."

"कसली रे?"

"आपल्या वाळूवर जायची."

आपण काय बोललो ते धाकूच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने मान खाली घातली. काकी म्हणाली, "आज आपण परवानगी घेतली की वाळू त्यांची झाली. मग उद्या नाही म्हणायचा हक्कही त्यांचाच. मी नाही घेणार. उद्या सकाळी रापण लावायची, आणि पूर्वीसारखी लावायची."

धाकू घाबरला. शाप खरा ठरला तर? जाळं रिकामं आलं तर?

"आता कुठे भरून येतंय?" काकी म्हणाली आणि पुन्हा सुई हातात घेतली.

काकीलाही भीती वाटत नव्हती असं नाही. जाळं रिकामं आलं असतं तर गाव महाराजांच्या पायाशी गेलं असतं आणि काकीला कुणी दारात उभं केलं नसतं. तिला ते पक्कं ठाऊक होतं, तरी ती निघाली.

सकाळ झाली. धाकूने होडीतून जाळं सोडलं. एक दोर कुंपणाच्या अलीकडे पुरुषांनी धरला. दुसरा दोर घेऊन होडी पलीकडे गेली, पण धाकू काही खाली उतरला नाही. त्याने होडीतूनच दोर फेकला. तो झेलायला येसूकाकी गुडघाभर पाण्यात उभी होती आणि तिच्या मागे गावातल्या सात बायका. ज्यांना फिरकू नका म्हटलं होतं, त्याच.

महाराज धावत आले. म्हणाले, बाई, हे आमचं तीर्थ आहे, आधी बाहेर व्हा. काकी म्हणाली, "महाराज, तुमचा देव तुमचा. दर्या कुणाच्या बापाचा नाही."

महाराजांचा चेहरा लाल झाला. त्यांनी शिष्यांना हुकूम सोडला की दोर हिसकावून घ्या. दहाही शिष्यांनी दोर धरला, आणि महाराजांनी स्वतःही धरला. मठाच्या दिशेने सगळे जीव खाऊन ओढायला लागले.

घाटावरची माणसं ती. त्यांना काय माहीत, की दोर हिसकावणं आणि रापण ओढणं यात काही फरकच नसतो? काकीच्या मात्र क्षणात लक्षात आलं. ती बायकांना हळूच म्हणाली, "भांडू नका गं. हात सैल सोडा. ओढू देत."

आणि काय सांगू, जाळं सरळ येऊ लागलं. अलीकडच्या पुरुषांनाही चेव चढला. तेही ओढत ओढत मध्याकडे सरकू लागले. सरकता सरकता कुंपणाशी येऊन थडकले. आता थांबावं तर जाळं सुटतं, पुढे जावं तर शाप. सगळे धाकूकडे बघायला लागले. धाकूने एकदा जाळ्याकडे पाहिलं, एकदा पाण्यातल्या काकीकडे पाहिलं, होडीतून उडी मारली आणि पहिला बांबू त्याने स्वतः उपटला. मग बाकीचे उपटायला कितीसा वेळ? एका हातात दोर, एका हातात बांबू, असं करत गाव पलीकडे गेलं.

जाळं वाळूवर आलं. दर्याने काही चमत्कार केला नाही, खोटं कशाला सांगू? जाळं फाटेस्तोवर भरलेलं नव्हतं. पण रिकामंही नव्हतं. बांगडे होते, तारली होती, रोजच्यासारखी.

काकीने वाळूवर वाटे घातले. गावाचे घातले, आणि मग आणखी अकरा घातले. धाकू चिडला. इतके दिवस ज्यांनी आपल्याला उपाशी ठेवलं त्यांना कसले वाटे? उलट उद्यापासून मठवाल्यांना दर्यावर पाऊल टाकू द्यायचं नाही, असं तो म्हणाला. चारचौघांनी माना डोलावल्या.

"मग तेच बांबू परत रोव," काकी म्हणाली. "कुंपण तेच, फक्त मालक बदलला."

धाकू टोपल्या आणायला वळला.

महाराजांच्या तळहातांना दोराचे वळ उठले होते. ते हळू आवाजात म्हणाले, आम्ही मासे खात नाही. काकी म्हणाली, "ठाऊक आहे. तुमचे वाटे वाटसरूंना देईन. पण हात लागला, तर वाटा निघणारच. ती रीत मी घातलेली नाही आणि मला मोडताही येणार नाही."

कुंपणाच्या बांबूंवर त्याच दुपारी जाळं वाळत पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण चालू असताना महाराज किनाऱ्यावर आले. सगळीकडे माणसं, बायका, मासळीचा वास. ते बराच वेळ ओल्या वाळूच्या कडेला घुटमळत राहिले. शेवटी काकीजवळ येऊन म्हणाले, "आम्ही इथे स्नान केलं तर चालेल का?"

काकीने दोर सोडला नाही, मानही वळवली नाही.

"मला कशाला विचारता, महाराज? दर्या काय माझा आहे?"

तात्पर्य काय म्हणाल, तर एवढंच: जे सगळ्यांचं आहे त्यासाठी कुणाची परवानगी मागू नये, आणि आपल्याकडे कुणी मागायला आला तर ती द्यायलाही बसू नये.