ओटीतले कांदे

फार फार वर्षांपूर्वी एक राज्य होते. इतके जुने, की त्याचे नाव आता कुणाला सांगता यायचे नाही. तिथल्या राजाशी आपल्याला काही काम नाही. आपले काम आहे एका गावातल्या सासूशी आणि तिच्या सुनेशी.

सासूच्या हाताला गुण होता. तिने वाळकी काडी खोचली तरी पालवी फुटते, असे गावात म्हणत. तिच्या परसात भोपळा, अळू, मोगरा सगळे दाटीवाटीने सुखात नांदत होते. दोन वेळा पाणी, मूठभर शेणखत आणि येता-जाता चार गोड शब्द, एवढाच तिचा मंत्र. माणसांनाही ती तसेच वाढवी. तिच्या दारातून कुणी उपाशी गेले नाही, आणि कुणी "पुरे" म्हटलेले तिला कधी ऐकूही आले नाही.

सून आली ती लांबच्या डोंगरातून. तिकडे नारळ होत नाहीत. म्हणून पाठवणीच्या वेळी तिच्या आईने ओटीत तांदळाबरोबर तपकिरी सालीचे, बोटाच्या पेराएवढे कांदे घातले होते. सासूला वाटले, व्याह्यांनी खायला दिले. तिने कौतुकाने आमटीची तयारी केली आणि विळी काढली. पहिला कांदा पात्याला लावणार, तोच सुनेने तिचा हात धरला.

"आत्याबाई, ही फुलं आहेत."

ते रानट्युलिपचे कांदे होते. राजाच्या बागेत मिरवतो त्या ट्युलिपचा हा डोंगरातला धाकटा भाऊ. अंगाने बुटका, पण मोठा काटक.

सासू हसली आणि परसातली सगळ्यात चांगली जागा तिने कांद्यांना दिली. पण शेजारीण तिथेच बसलेली होती. "नवी नवरी, आणि पहिल्याच दिवशी सासूचा हात धरला," असे तिने गावभर केले. ते सुनेच्या कानावर आले. तिने मनाशी ठरवले, यापुढे सासूच्या कामात ब्रदेखील काढायचा नाही.

हिवाळा सरताना फुले आली. आतून पिवळीजर्द, पाठीवर थोडी लाली. ती उन्हात उघडत आणि सांज झाली की मिटत. त्यांना पाहून सून लग्नानंतर पहिल्यांदा मोकळी हसली. सासूने ते हसू पाहिले, आणि या फुलांना आता काही म्हणून कमी पडू द्यायचे नाही असा पण केला.

फुले झडली. पाने पिवळी पडू लागली, तशी सासू घाबरली.

"सुकताहेत गं बिचारी," असे म्हणून तिने एका घागरीच्या दोन केल्या.

सुनेला खरे ठाऊक होते. फूल झडले की पानातले सगळे बळ खाली ओढून घेऊन कांदा उन्हाळाभर झोपतो. तेव्हा त्याला पाणी नको असते, कोरडी माती हवी असते. तिचा जीव खालीवर होई. पण सासू भर उन्हात, कमरेवर घागर घेऊन, तिच्या माहेरच्या फुलांसाठी विहिरीवरून येई. तिला काय सांगणार? सुनेने वाळलेली बोंडे तेवढी खुडली आणि त्यांतले बी बांगड्यांच्या पेटीत ठेवले.

पुन्हा थंडी आली आणि सरत आली. वाफा रिकामाच होता. शेवटी सासूने खुरप्याने माती उकरली, तर हाताला नुसता कुजका लगदा लागला.

सून तिथेच बसून रडली. आईच्या हातचे तेवढेच तिच्यापाशी होते.

"आत्याबाई, ते झोपले होते हो. झोपलेल्याला कुणी पाणी पाजतं का?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या मायेनं घालत होता. आणि एकदा हात धरला तर गावभर झालं."

सासूने खुरपे बाजूला ठेवले. मग हळूच म्हणाली, "मी तुला रोज शिरा करून घालते. तो तरी आवडतो का?"

"नाही," सून डोळे पुसत म्हणाली. "मला गोड आवडत नाही."

"आणि वर्षभर खाल्लास?"

"वर्षभर."

रडता रडता दोघींनाही हसू आले. अति तिथे माती म्हणतात, ती माती दोघींच्या हातांना लागलेली होती.

पुढच्या थंडीच्या तोंडावर सुनेने पेटीतले बी काढले. या वेळी जागा तिने निवडली. परसाच्या कडेचा दगडी बांध, जिथे ऊन भरपूर आणि पाणी ठरत नाही.

"इथं तर गवतसुद्धा धड उगवत नाही," सासू म्हणाली.

"म्हणूनच इथं."

"बरं, खत?"

"नको."

"पाणी?"

"हिरवं असेल तोवर थोडं. पिवळं पडलं की अजिबात नाही."

"मग मी काय करू?"

"काही नाही करायचं."

सासूला हे फार जड गेले. पहिल्या वर्षी दोऱ्याएवढे एकेक पान आले. तण समजून ती उपटणारच होती, पण आधी तिने सुनेला विचारले, आणि पाने वाचली. ती पिवळी पडली तेव्हा तिचे हात शिवशिवू लागले. मग ती घागर उपडी घाली आणि पायरीवर बसून राही.

"काय चाललंय?" शेजारीण विचारी.

"काही करत नाहीये. फार कष्टाचं काम आहे बाई."

अशी वर्षे गेली. मातीखाली कांदे तीळतीळ भरत होते. सुनेला मुलगी झाली, चालू लागली, बोलू लागली, आणि एका सकाळी बांधावर पहिले पिवळे फूल उघडले. सासू दिवसभर त्याच्यापाशी बसली, पण तिने त्याला बोट लावले नाही. सांजेला ते मिटले, तशी ती नातीला म्हणाली, "हळू बोल. ते झोपलंय."

पुढे ती नात लग्नाची झाली. आजीने तिच्या ओटीत तांदूळ घातले, नारळ घातला आणि बोटाच्या पेराएवढे कांदेही घातले. मग शेजारणीलाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "सासूनं विळी काढली तर हात धर. घागर आणली तरी हात धर. सासू मायेची असली तर आधी धर."

माया करणाऱ्याने आधी विचारावे, आणि जिच्यावर माया होते तिने वेळीच सांगावे.